ज्याचा माल, त्याचाच टॅलीवाला

रोज सकाळी पेपरात एक वाक्य असतंच असतं. 'एका अभ्यासात असे आढळून आले आहे की...' पुढं काहीही येऊ शकतं. बँका अवाढव्य झाल्या की देशाचं भलं होतं. गरिबानं शेअरबाजारात पैसा घातला की त्याचं दैन्य फिटतं. कामगार कायदे सैल केले की नोकऱ्या पावसासारख्या पडतात. हे असं लिहिलेलं असतं की जणू अभ्यास नावाचा कुणी ब्रह्मदेवच वरून बोलला. ह्या ब्रह्मदेवाला आई नाही, बाप नाही, पोट नाही, घरभाडं नाही. तो नुसता आढळतो. मला साधा प्रश्न पडतो, ह्या अभ्यासाचा पगार कोण देतो?

मी मॅट्रिक. गोदीत टोळीत काम करतो, रात्री कविता लिहितो. अर्थशास्त्रावर बोलायचा परवाना तुला कुणी दिला, असं एखादा प्राध्यापक विचारील. विचारू दे. अर्थशास्त्र गोणी होऊन आमच्या पाठीवरून जातं तेव्हा कुणी परवाना मागत नाही. रुपया पडला, तेल चढलं, बँक बुडाली, सगळ्याचं वजन शेवटी ज्याच्या पाठीवर येतं त्याला ह्या शास्त्राबद्दल बोलायचा हक्क आहे. आणि मोजणी म्हणजे काय हे आम्हाला कुणी शिकवायची गरज नाही.

गोदीत माल उतरतो तेव्हा मोजणी एकाच माणसाच्या हातात देत नाहीत. जहाजाच्या बाजूचा एक टॅलीवाला असतो, किनाऱ्याच्या बाजूचा एक असतो. दोघं आपापल्या कागदावर रेघा ओढतात. पाळी संपली की दोन्ही कागद समोरासमोर ठेवतात. फरक पडला तर भांडण, भांडणातून खरा आकडा. यात कुणी कुणाला चोर म्हणत नाही. टॅलीवाला कितीही सज्जन असला तरी ज्याच्या मालाची मोजणी त्याच्याच खिशातून त्याचा पगार आणि दुसरा कागद नाही, अशी मोजणी गोदीतला अडाणी मजूरसुद्धा मानणार नाही. हे ज्ञान आमच्याकडं आहे. जगातल्या मोठमोठ्या विद्यापीठांकडं ते नव्हतं, किंवा होतं आणि त्यांनी ते गुंडाळून ठेवलं.

आता दूरची गोष्ट सांगतो. आइसलँड नावाचा एक देश आहे, उत्तर ध्रुववृत्ताच्या जवळ. तेव्हा वस्ती तीन लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या मुंबईच्या एखाद्या उपनगरापेक्षा कमी. मासे धरून जगणारे लोक. तिथल्या सरकारनं बँका खाजगी मालकांच्या हवाली केल्या आणि तीन बँका माजल्या. काउप्थिंग, लांड्सबांकी नि ग्लिट्निर. दुसऱ्या देशांतून कर्ज काढायचं, त्यावर आणखी कर्ज काढायचं, कंपन्या विकत घ्यायच्या. कोसळायच्या वेळेला ह्या तीन बँकांचा पसारा देशाच्या अख्ख्या वर्षाच्या उत्पन्नाच्या दहापटीच्या घरात गेला होता. घरात एक रुपया येतोय नि उधारी-उसनवारीचा व्यवहार दहा रुपयांचा चाललाय, असा प्रकार.

२००६ च्या सुरुवातीला काही लोकांना वास आला. डेन्मार्कच्या डान्स्के बँकेच्या माणसांनी लिहिलं की हे प्रकरण फुटणार. आइसलँडच्या शेठलोकांची पाचावर धारण बसली. मग तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्सनं, म्हणजे व्यापाऱ्यांच्या नि बँकवाल्यांच्या संघटनेनं, अहवाल लिहून घेतला. लिहिणारे दोघं. एक आइसलँडचा प्राध्यापक, ट्रिग्वी हर्बर्टसन. दुसरा फ्रेडरिक मिश्किन, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाचा, बँकिंगवरची त्याची पाठ्यपुस्तकं जगभर शिकवली जातात. मे २००६ मध्ये अहवाल आला. नाव 'आइसलँडमधील आर्थिक स्थैर्य'. सार असं की पाया मजबूत आहे, देखरेख चांगली आहे, कोसळण्याची शक्यता फार कमी आहे. ह्या कामासाठी मिश्किनला मिळाले १ लाख २४ हजार डॉलर. त्याच वर्षी सप्टेंबरात हा गृहस्थ अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या, फेडरल रिझर्व्हच्या, संचालक मंडळावर जाऊन बसला. मोठ्या पदावर जाताना कमाईचा हिशेब द्यावा लागतो, त्यात हा आकडा जगाला दिसला.

२००७ च्या नोव्हेंबरात चेंबरनं आणखी एक अहवाल काढला. ह्या वेळी लंडन बिझनेस स्कूलचा रिचर्ड पोर्टेस आणि आइसलँडचाच आणखी एक प्राध्यापक. सूर तोच. काळजीचं कारण नाही.

ऑक्टोबर २००८ च्या एका आठवड्यात तिन्ही बँका आडव्या झाल्या. तिथलं चलन निम्म्यावर आलं. ज्यांनी परदेशी चलनाच्या हिशेबानं घरकर्ज, गाडीकर्ज घेतलं होतं त्यांचं कर्ज रात्रीतून फुगलं. बेकारी जिथं जवळजवळ नव्हतीच तिथं रांगा लागल्या. लांड्सबांकीनं इंग्लंडमध्ये 'आइससेव्ह' नावाची बचत योजना काढली होती, तीही त्या पहिल्या अहवालानंतर, ऑक्टोबर २००६ मध्ये. तिकडच्या तीन लाखांवर सामान्य लोकांचे पैसे त्यात अडकले. देशाला नाणेनिधीच्या दारात जावं लागलं. जानेवारी २००९ मध्ये लोक घरातली पातेली, झाकणं, पळे घेऊन संसदेसमोर बडवायला लागले आणि सरकार पडलं. अहवाल लिहिणाऱ्यांच्या घरातलं एक पातेलंसुद्धा रिकामं झालं नाही.

चार्ल्स फर्ग्युसन नावाच्या माणसानं २०१० मध्ये 'इनसाइड जॉब' हा माहितीपट काढला. त्यात त्यानं मिश्किनला समोर बसवून विचारलं. तेव्हा एक मजा बाहेर आली. मिश्किनच्या स्वतःच्या कामाच्या यादीत त्याच अहवालाचं नाव आता 'आइसलँडमधील आर्थिक अस्थैर्य' असं झालं होतं. एक 'अ' वाढला नि भविष्यवेत्ता झाला. विचारल्यावर उत्तर काय, तर टंकलेखनाची चूक असेल. आमच्या टोळीत टॅलीच्या कागदावर कुणी मागून अशी रेघ वाढवली असती तर त्याला दुसऱ्या दिवशी गेटच्या आत घेतलं नसतं.

आता, दोस्त हो, इथं घाई करू नका. 'साल्यानं पैसे खाऊन खोटं लिहिलं' असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. त्यानं खोटं लिहिलं असं मी म्हणत नाही. कदाचित त्याला तसंच वाटत असेल. आणि नेमकं तेच जास्त भयंकर आहे. लाच घेणारा निदान मनातून ओळखून असतो की आपण चोर आहोत. पण फी घेणाऱ्या विद्वानाला आपण सत्यच सांगतोय असं वाटत राहतं. मग पैसा कुठं काम करतो?

पैसा पहिलं काम करतो माणूस निवडण्यात. चेंबर काय डान्स्के बँकेच्या माणसाकडं गेलं नाही. ज्याचं मत आधीपासून आपल्याकडं झुकलेलं त्यालाच बोलावलं जातं. दुसरं काम करतो प्रश्न निवडण्यात. 'व्यवस्था मजबूत आहे का?' असा प्रश्न दिला की देखरेखीचे कायदे, संस्था, आकडे ह्यांची यादी होते. 'कर्ज फेडायचं ठरलं तर पैसा कुठून येणार आणि नाही आला तर कुणाची चूल विझणार?' हा प्रश्न दिलाच जात नाही. तिसरं, आकडे कंपनीच्या कपाटात असतात, किल्ली तिच्या हातात. जो गोड बोलेल त्याच्यासाठी कपाट उघडतं. चौथं, जो अहवाल उलटा निघाला तो छापलाच जात नाही, टेबलाच्या खणात मरतो. आपल्यापर्यंत येतात ते उरलेले. आणि पाचवं, पुढचं काम. आज कडू लिहिलं तर उद्या बोलावणं येणार नाही, हे कुणाला कानात सांगावं लागत नाही.

हे सगळं मी पुस्तकातून शिकलो नाही. मागं आमच्या इथं एका कंत्राटदारानं एक तज्ज्ञ आणला होता. टोळीत किती माणसं लागतात याचा शास्त्रीय अभ्यास करायला. दोन दिवस तो सावलीत खुर्ची टाकून घड्याळ घेऊन बसला. माणूस सभ्य, आम्हाला 'तुम्ही' म्हणायचा, चहा पाजायचा. त्यानं एकही आकडा खोटा लिहिला नाही. गोणी उचलायला किती सेकंद, ठेवायला किती, सगळं बरोबर. पण क्रेन चालू झाली की तो घड्याळ चालू करायचा नि क्रेन थांबली की बंद करायचा. फुटलेल्या गोण्या गोळा करणं, सांडलेलं झाडणं, हॅचमध्ये उतरणं-चढणं, दुपारच्या उन्हात एकाला चक्कर आली की त्याची जागा दुसऱ्यानं धरणं, हे त्याच्या घड्याळात आलंच नाही. निष्कर्ष असा की चौघं जास्त आहेत. चौघं गेले. घड्याळ बरोबर होतं, बेरीज बरोबर होती आणि फी कंत्राटदाराची होती. म्हणून मी म्हणतो, विकत घ्यायला उत्तर लागत नाही, प्रश्न विकत घेतला की भागतं.

आइसलँड हा काही एकटा नमुना नाही. न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवर मोठमोठ्या दलाली पेढ्या आहेत. त्यांच्या एका खोलीत कंपन्यांकडून फी घेऊन त्यांचे शेअर विकून देण्याचा धंदा आणि शेजारच्या खोलीत 'संशोधन' चालतं. संशोधनवाला लोकांना सांगतो, हा शेअर घ्या. कोणता? शेजारच्या खोलीला फी देणारा. १९९०-२००० च्या काळात मेरिल लिंच ह्या पेढीचा हेन्री ब्लॉजेट नावाचा विश्लेषक चारचौघांत ज्या शेअरांची शिफारस करत होता त्यांतल्या काहींना आतल्या ई-मेलमध्ये कचरा म्हणत होता. ते ई-मेल न्यूयॉर्कचा सरकारी वकील एलियट स्पिट्झर यानं बाहेर काढले. एप्रिल २००३ मध्ये दहा बड्या पेढ्यांनी मिळून सुमारे १४० कोटी डॉलर मोजून प्रकरण मिटवलं. ब्लॉजेटला त्या धंद्यातून जन्मभर बंदी झाली. पण त्याच्या शब्दावर म्हातारपणाची पुंजी घालणारा शिक्षक, ट्रक ड्रायव्हर, नर्स यांना जन्म परत मिळत नाही.

आणि मग ते रेटिंगवाले. पतमापन संस्था. कुठली कंपनी कर्ज फेडील नि कुठली बुडवील याचा दाखला देणारे. अमेरिकेत जॉन मूडीनं १९०९ मध्ये रेल्वे कंपन्यांच्या रोख्यांचं रेटिंग छापायला सुरुवात केली तेव्हा ते पुस्तक पैसे घालणारा विकत घ्यायचा. म्हणजे टॅलीवाल्याचा पगार माल घेणाऱ्याकडून. १९७० नंतरच्या काळात हे उलटं झालं. ज्या कंपनीला कर्ज काढायचंय तीच रेटिंगवाल्याला फी द्यायला लागली. परीक्षेला बसलेल्या पोरानं परीक्षकाचा पगार द्यायचा नि आवडला नाही तर दुसरा परीक्षक शोधायचा. परिणाम काय? अमेरिकी सरकारच्या चौकशी आयोगानं २०११ मध्ये लिहून ठेवलंय की २००० ते २००७ ह्या काळात एकट्या मूडीजनं घरकर्जांवर उभ्या केलेल्या जवळपास ४५ हजार कागदांना 'ट्रिपल ए' म्हणजे सर्वांत वरचा दर्जा दिला. २००६ मध्ये वरचा दर्जा मिळालेल्यांतले ८३ टक्के पुढं खाली आणावे लागले. शंभरातले त्र्याऐंशी! एवढ्या चुका आमच्या मुकादमानं हजेरीत केल्या असत्या तर टोळीनं त्याला पाण्यात टाकला असता.

हे अमेरिकेचं झालं, आपल्याला काय, असं कुणी म्हणत असेल तर बांद्र्याच्या पूर्वेला जाऊन या. वांद्रे-कुर्ला संकुलात आयएल अँड एफएस ह्या कंपनीचं चकचकीत मुख्य कार्यालय होतं. १९८७ मध्ये सुरू झालेली कंपनी, रस्ते, बोगदे, पूल बांधायला पैसा उभा करणारी. २०१८ च्या ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत तिला आपल्याकडच्या पतमापन संस्थांचा वरचा दाखला होता, ट्रिपल ए. सप्टेंबरच्या मध्याला तोच दाखला 'डी' झाला. डी म्हणजे बुडीत. दीड महिन्यात वरच्या मजल्यावरून तळघर. कर्ज ९१ हजार कोटींच्या घरात. १ ऑक्टोबर २०१८ ला सरकारनं जुनं संचालक मंडळ काढून नवं बसवलं. डिसेंबर २०१९ मध्ये सेबीनं तीन पतमापन संस्थांना आधी प्रत्येकी २५ लाखांचा दंड ठोठावला. ९१ हजार कोटींच्या पुढं २५ लाख. बिडीच्या धुरानं गिरणीचं भोंगा भरून काढायचा प्रकार.

आता ह्यात आपला माणूस कुठं आहे? कामगाराच्या पगारातून भविष्य निर्वाह निधी कापला जातो. तो पैसा रोख्यांत जातो, आणि नियमच असा की वरचा दर्जा असलेल्या रोख्यांत घाला. म्हणजे कामगाराला विचारलं जात नाही, दाखल्याला विचारलं जातं. आयएल अँड एफएसच्या रोख्यांत कितीतरी कंपन्यांच्या प्रॉव्हिडंट फंड ट्रस्टांचे पैसे अडकले. ज्यानं आयुष्यात रेटिंग हा शब्द ऐकला नाही त्याच्या म्हातारपणाची भाकरी त्या शब्दावर ठेवलेली होती. आणि त्या शब्दाची फी कर्ज काढणारा देत होता. हितसंबंध म्हणतात तो हा. हा शब्द आपल्या सभांमध्ये फार वापरतात, पण कुणाचा, कशात, किती रुपयांचा हे विचारल्याशिवाय तो नुसता फुगा आहे.

कोलंबिया विद्यापीठाचं नाव वर आलं म्हणून एक आठवण द्यावी लागते. मिश्किन जिथं शिकवत होता त्याच विद्यापीठात १९१३ ते १९१६ बाबासाहेब शिकले. पुढं लंडनला त्यांनी रुपयावर प्रबंध लिहिला आणि १९२३ मध्ये त्याचं पुस्तक निघालं. आपल्यातल्या किती जणांनी ते उघडून पाहिलंय? बाबासाहेबांचा फोटो घरोघर आहे, पण ह्या पुस्तकातला अर्थशास्त्रज्ञ आपण कपाटात ठेवला. त्या काळी मुंबईचे व्यापारी नि गिरणीमालक म्हणत होते की रुपयाचा दर खाली ठेवा, त्यातच देशाचं हित आहे. बाबासाहेबांनी विचारलं, कुणाचं हित? दर खाली गेला की महागाई चढते, मजुरी त्या वेगानं चढत नाही. म्हणजे फायदा बाहेरून देशात येत नाही, मजुराच्या ताटातून उचलून मालकाच्या ताटात पडतो. एका वर्गाचा फायदा दुसऱ्या वर्गाच्या नुकसानीतून. १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगासमोर साक्ष द्यायला गेले तेव्हाही त्यांनी हा मजुरीचा प्रश्न सोडला नाही. सरकारच्या बाजूनं नाही, शेठजीच्या बाजूनं नाही, केन्ससारख्या नामवंताच्या पुस्तकालाही त्यांनी उलटं तपासलं.

कुणी म्हणेल, बाबासाहेबांच्या शिक्षणालाही पैसा लागलाच की. लागला. बडोद्याच्या सयाजीरावांची शिष्यवृत्ती होती. दुसऱ्यांदा लंडनला जाताना सिडनहॅम कॉलेजातल्या नोकरीची बचत होती, शाहू महाराजांची मदत होती, नवल भथेना या मित्राकडून घेतलेली उसनवारी होती. हे सगळं उघड आहे, चरित्रात छापलंय. पण यांतल्या कुणाचा रुपयाच्या दरात हात अडकला आहे म्हणून त्यानं प्रबंध लिहून घेतला, असं नव्हतं. उत्तर काय निघावं हे पैसे देणाऱ्यानं ठरवलं नव्हतं. आणि ज्यांनी प्रस्तावना लिहिली ते प्राध्यापक एडविन कॅनन स्वतःच तिथं म्हणतात की माझी ह्याच्याशी बऱ्याच ठिकाणी सहमती नाही. तरी लिहिली. विद्येच्या जगात असंही चालू शकतं याचा हा पुरावा.

आता समोरच्याचं म्हणणंही ऐकू. ते म्हणतात, पैसा कुठूनतरी येणारच, सरकार देत नाही, मग उद्योगाकडून घेतला तर बिघडलं काय? आणि नाव छापून टाकलं की झालं ना? हा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. २०१० मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी एकोणीस नामवंत वित्त-अर्थशास्त्रज्ञ तपासले. बहुतेकांचं खाजगी वित्तसंस्थांशी देणंघेणं होतं नि वर्तमानपत्रांत, भाषणांत कायद्यांवर मतं देताना बहुतेक वेळा त्यांनी ते सांगितलेलं नव्हतं. त्यावर ओरड झाली, सुमारे तीनशे अर्थशास्त्रज्ञांनी पत्र लिहिलं आणि जानेवारी २०१२ मध्ये अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशननं नियम केला की तिच्या नियतकालिकांत लिहायचं तर गेल्या तीन वर्षांत संबंधितांकडून दहा हजार डॉलरच्या वर पैसे घेतले असतील तर सांगा. चांगलं झालं. ज्या शास्त्राचं सगळं आयुष्य 'माणूस स्वतःचा फायदा बघतो' हे शिकवण्यात गेलं, त्याला स्वतःलाही हे लागू आहे हे कळायला २०१२ उजाडलं, एवढंच.

पण नाव छापणं पुरेसं नाही. आइसलँडच्या अहवालावर चेंबरचं नाव होतंच! आकडा नव्हता, पण नाव होतं. लोकांनी काय केलं? विद्यापीठाचं नाव वाचलं नि चेंबरचं नाव विसरले. 'मी ह्याचं मीठ खाल्लंय' असं सांगितल्यानं मिठाची चव जात नाही. उलट कित्येक जण एकदा सांगून टाकलं की मोकळ्या मनानं बाजू घेतात.

खरा इलाज गोदीतला आहे. पैसे देणारा आणि टॅलीवाला निवडणारा एकच माणूस नसावा. हे मी हवेत बोलत नाही. मे २०१० मध्ये अमेरिकेच्या सिनेटनं अल फ्रँकन यांची सूचना मंजूर केली होती की कर्ज काढणाऱ्या कंपनीनं आपला रेटिंगवाला स्वतः निवडायचा नाही, एका मंडळानं नेमून द्यायचा. फी कंपनीची, निवड मंडळाची. एवढी साधी गोष्ट. अंतिम कायदा झाला तेव्हा त्या जागी काय आलं? 'ह्या विषयाचा आधी अभ्यास करावा.' अभ्यास झाला, चर्चा झाली नि मंडळ काही उभं राहिलं नाही. बघा, अभ्यास कसा उपयोगी पडतो!

विद्यापीठांच्या बाबतीतही तेच करता येईल. उद्योगांनी पैसा एका सामाईक निधीत टाकावा, वाटप दुसऱ्यानं करावं. उलटा निष्कर्ष निघाला तरी छापायचा हक्क संशोधकाच्या हातात राहावा. आकडे सगळ्यांना बघायला खुले असावेत, म्हणजे दुसरा टॅलीवाला त्याच मालावर आपली रेघ ओढू शकेल. आणि कामगार संघटनांनी, ठेवीदारांनी, आपला म्हणून एक कागद तयार ठेवावा. आपला कागद म्हणजे आपल्याला हवं ते लिहिलेला नव्हे. तसं केलं तर चेंबरमध्ये नि आपल्यात फरक काय राहिला? कुणीही तपासावा असा, पण मजुरी, बेकारी, बुडालेली ठेव हे प्रश्न ज्यात पहिल्या पानावर आहेत, असा.

हे होईपर्यंत, कॉलेजात शिकणाऱ्या माझ्या भावांनो नि बहिणींनो, तुमच्यावर एक काम टाकतो. तुम्ही बी.कॉम., एम.ए. करताय, इंग्रजी वाचता, तक्ते वाचता. पेपरातला 'अभ्यास' आला की तीन गोष्टी शोधा. पैसा कुणी दिला आणि किती. आकडे कुणाच्या कपाटातले. आणि कुठला प्रश्न विचारलाच नाही. मग ते चौकातल्या वाचनालयात, वस्तीतल्या कट्ट्यावर, साध्या मराठीत सांगा. ज्यांचे बाप, काका, आया कंपन्यांत आहेत त्यांनी प्रॉव्हिडंट फंडाचा पैसा कुठल्या रोख्यांत आहे हे ट्रस्टला लेखी विचारा. उत्तर मिळालं नाही तर पुन्हा विचारा. त्यांच्याजवळ विद्वान आहेत, तर आपल्याजवळ पेन्सिल आहे नि रेघ ओढायची सवय आहे. पुढच्या पाळीला दुसरा कागद आपला असला पाहिजे.